निखाऱ्यावरचा घास

दिवाळीचा अंक वाचकांच्या हाती पडतो त्या दिवसांत घरोघर चकलीचा आणि चिरोट्याचा वास दरवळत असतो. अशा वेळी मांस भाजण्याच्या इतिहासावर लेख लिहिणे म्हणजे औचित्यभंगच, असे कोणी म्हणेल. परंतु भाऊबीज उलटली, गोडाने तोंड मिटले, की ज्या घरांत चालते त्या घरांत खाटकाकडे पिशवी जाते, ही गोष्ट आपण सारेच जाणतो. तेव्हा फराळाच्या ताटाला धक्का न लावता थोडे निखाऱ्याकडे वळायला हरकत नसावी.

अलीकडे नांदेड-लातूरकडची शिकलेली मुले पुण्या-मुंबईला नोकऱ्या करतात आणि सुटीत घरी आली की नवे पदार्थ करून दाखवतात. त्यांतला एक म्हणजे स्टेक. मांसाचा बोटभर जाड, सपाट, बिनहाडाचा तुकडा कडकडीत तापलेल्या जाळीवर किंवा लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचा आणि शेजारी खरपूस भाजलेले बटाटे वाढायचे. ना रस्सा, ना वाटण, ना भाकरी. म्हातारी माणसे ताटाकडे पाहून विचारतात, “आणि कालवण कुठाय?” ही साहेबाची चीज आहे, तिचा आपला काय संबंध, असा त्या प्रश्नाचा रोख असतो. मी पेशाने शाळामास्तर आणि छंदाने कादंबरीकार. त्यामुळे शब्दांचा माग काढण्याची मला खोड आहे. तो माग काढता काढता असे दिसले की, साहेबाचा आणि आपला निखारा फार लांबचा नाही. आपल्या घराण्यातल्याच एका शाखेला आपण विसरलो आहोत.

प्रथम शब्दच पाहा. इंग्रजीतला ‘स्टेक’ हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. काठीवर किंवा सळईवर भाजलेले मांस, असा त्याच्या मुळाचा अर्थ. आता आपला अमरकोश उघडा. तिथे सळईवर भाजलेल्या मांसाला एक सोडून तीन शब्द दिले आहेत : शूलाकृत, भटित्र आणि शूल्य. शूल म्हणजे सळई. तीवर भाजलेले ते शूल्य. उत्तर समुद्राकाठचा दर्यावर्दी आणि आपला कोशकार अमरसिंह यांची कधी गाठ पडण्याचा संभव नव्हता. पण दोघांनीही मांसाचे नाव सळईवरून ठेवले. भांडे घडवण्याच्या आधी माणसाच्या हाती काठी आणि विस्तव होता, याचीच ही भाषेतली खूण म्हणायची.

हे शूल्य मांस केवळ कोशात पडून राहिलेले नव्हते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तला विदूषक आठवा. दुसऱ्या अंकाच्या आरंभी तो राजाच्या शिकारीच्या नादाला कंटाळून रडगाणे गातो. रानात वणवण, डोंगरी झऱ्यांचे पाला कुजलेले कडवट पाणी, आणि जेवण म्हणाल तर अवेळी, तेही बहुतेक सळईवर भाजलेले मांस! विदूषकाची तक्रार मांस खावे लागते याबद्दल नाही. ते वेळेवर मिळत नाही याबद्दल आहे. नाटक पाहणाऱ्या नागर प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटले नसावे, नाहीतर कवीने तो विनोद ठेवलाच नसता.

पण कालिदासाची उज्जयिनी लांब राहिली. आपण आपल्या दाराशी येऊ. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडून बीदर जिल्ह्यात शिरले की बसवकल्याण लागते. हीच चालुक्यांची कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने इथे राज्य केले आणि इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे इथपासून हत्ती कसे पकडावे, चित्र कसे काढावे, गाणे कसे गावे इथपर्यंत सारे काही त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आणखी एका कारणाने प्रिय आहे : जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात सापडतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. पहिला खंड १९२५ साली आणि दुसरा १९३९ साली निघाला.

या ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण आहे. पुरणपोळीची आजी शोभेल अशी पोळी त्यात आहे, वडे आहेत, इडलीच्या कुळातला पदार्थ आहे. आणि त्याच पंक्तीला, कसलाही संकोच न बाळगता, मांसाचे पदार्थ मांडले आहेत. रानडुकराचे केस कसे काढावेत, मग ते गवताच्या आगीवर कसे भाजावे, हे राजा स्वतः हात भाजून घेतल्यासारखे बारकाईने सांगतो. सळईत ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला तो ‘भडित्रक’ म्हणतो. आतड्यात मसाला आणि मांस भरून केलेले पदार्थही तो भाजायला लावतो. मसाल्यांत हिंग, आले, मिरी, सैंधव आणि आंबट रस. मिरची नाही, कारण मिरची तेव्हा समुद्रापलीकडे होती. ‘भडित्र’ हा शब्द कानावर पडला की मला तर वांग्याचे भरीतच आठवते.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात आहे. ती वाचून वाचक नाक मुरडतील, पण सांगितली पाहिजे. शेतातले आणि नदीकाठचे मोठे काळे उंदीर कसे भाजावेत, याची कृती सोमेश्वराने दिली आहे. शेतातला उंदीर धरून भाजून खाणाऱ्या भुकेल्या माणसाला आपण हीन लेखतो; इथे सर्वज्ञ म्हणवणारा चक्रवर्ती तोच उंदीर राजभोगात धरतो. पदार्थ एकच, एकाच्या ताटात तो भोग ठरतो, दुसऱ्याच्या ताटात लांच्छन. हा मुद्दा मनात ठेवा. पुढे आपल्याला त्याच्याकडेच यायचे आहे.

आता ताटातल्या दुसऱ्या भिडूकडे, म्हणजे बटाट्याकडे वळू. सोमेश्वराच्या स्वयंपाकघरात हा नव्हता. असणे शक्यच नव्हते. बटाट्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिकेतली अँडीज पर्वताची पठारे, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाचा मुलूख. हजारो वर्षे तिथले डोंगरी शेतकरी तो पिकवीत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागला. नावाची गंमत अशी की, ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा आणि तो रताळ्याचा! पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि आपण मराठी, कोकणी, गुजराती लोकांनी पोर्तुगीजांकडून. उत्तरेत तो ‘आलू’ झाला. किनाऱ्याच्या लोकांनी मात्र बेटावरचे नाव तसेच जपून ठेवले.

पुढे या परक्या कंदाने जो पराक्रम केला त्याला तोड नाही. तो थेट आपल्या एकादशीत शिरला. उपासाचे ताट डोळ्यांसमोर आणा : बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची अमेरिकेतली. ज्या कसाव्याच्या कंदापासून आज साबुदाणा करतात तो अमेरिकेतला. राजगिऱ्याचे मूळही तिकडचेच. ज्ञानेश्वरांच्या काळच्या माणसाला आपले उपासाचे ताट ओळखूसुद्धा आले नसते. तरी आपण ते सनातन म्हणून खातो. यात हसण्यासारखे काही नाही. परंपरा अशीच घडत असते : पाहुणा येतो, ओसरीवर बसतो आणि दोन पिढ्यांत देवघरात जातो. स्वतंत्र भारतात बटाट्याच्या संशोधनासाठी १९४९ साली पाटण्यास केंद्रीय संस्था निघाली आणि १९५६ साली ती सिमल्यास गेली. जवळच्या कुफ्री गावाचे नाव घेऊन तिथून निघालेली ‘कुफ्री ज्योती’ ही जात आज आपल्याकडेही शेतकऱ्यांच्या तोंडी आहे.

मांस आणि बटाटा यांची जोडी मात्र साहेबाने जमवली. इंग्लंडात अठराव्या शतकात तिचा मोठा डौल होता. १७३५ साली लंडनात बीफस्टेक खाणाऱ्यांचे एक मंडळच निघाले आणि फ्रेंच लोक तर इंग्रजांना ‘रोसबीफ’ म्हणूनच चिडवीत. याला जिभेपेक्षा शेतीचे कारण मोठे होते. तिकडे नांगराला हळूहळू घोडा आला आणि बैल मोकळा झाला. रॉबर्ट बेकवेलसारख्या पशुपालकांनी त्याच शतकात केवळ मांसासाठी गुरांची पैदास निवडून केली. ज्या गुराने कधी जू पाहिले नाही, त्याचे मांस मऊ आणि चरबीदार. ते चार-पाच मिनिटांत भाजून खाता येते.

आमच्याकडे याच्या नेमके उलट. लोहा पूर्वी कंधार तालुक्यात मोडे, आणि कंधारचे नाव गुरांच्या जगात ‘लाल कंधारी’मुळे गाजलेले आहे. तांबड्या रंगाचा, चिवट, उन्हातान्हात ओढकाम करणारा हा बैल. शेजारच्या लातुरातली देवणी जात दुधालाही बरी आणि कामालाही बरी. ही जनावरे पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली ती जुवासाठी. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावायची आणि ज्याच्या जिवावर काळी रान पिकवायचे, तो बैल इथे घरचा माणूस. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्ष वद्यात, जनावरांचा जो अफाट बाजार भरतो, तिथे बैलाची किंमत त्याच्या खांद्यावरून आणि खुरांवरून होते. स्टेक आपल्याकडे उपजला नाही याचे अर्धे उत्तर या बाजारात आहे.

तरीही साहेबाचे ताट आमच्या मुलखात येऊन गेले. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती आणि तिची ठाणी हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशी मराठवाडाभर पसरली होती. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणीतल्या साहेबाला ‘रोस्ट’ लागे आणि तो रांधणारा खानसामा इथलाच असे. अशा खानसाम्यांना शिकवण्यासाठी साहेबांनी पुस्तकेही लिहिली. मद्रासकडच्या कर्नल केनी-हर्बर्ट यांचे ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने निघालेले पुस्तक १८७८ सालचे. गोव्यात तर पोर्तुगीजांच्या सहवासाने हा पदार्थ घरातच मुरला. तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला ‘आसाद’, म्हणजे मांसाचा अख्खा तुकडा मसाल्यात मुरवून भाजतात आणि सोबत बटाटे येतात.

आणि खुद्द हैदराबादेत ‘पत्थर का गोश्त’ जन्माला आला. काळ्या ग्रॅनाइटची जाड फरशी निखाऱ्यांवर लालबुंद तापवायची आणि मसाल्यात मुरवलेले मटणाचे पातळ, बिनहाडी काप तिच्यावर टाकायचे. सहावे निजाम महबूब अली खान, ज्यांची कारकीर्द १८६९ ते १९११, शिकारीला गेले असता खानसामा सळया विसरला आणि त्याने जवळचा दगडच तापवला, अशी दंतकथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, दगड खरा आहे. आमचा नांदेड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच राज्यात होता. तेव्हा स्टेकचा सख्खा चुलतभाऊ पाहायला आम्हाला विलायतेस जाण्याचे कारण नाही.

इथवर राजे झाले, निजाम झाले, साहेब झाले. आता ज्यांचे कोणी लिहून ठेवले नाही त्यांच्याकडे येतो.

पाचवीच्या वर्गात मी एकदा ‘माझ्या घरचा आवडता पदार्थ’ हा निबंध दिला होता. वह्या तपासताना दिसले की वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांना पुरणपोळी आवडते आणि उरलेल्यांना श्रीखंड. श्रीखंड आमच्या गावात किती घरी होते ते मला ठाऊक आहे. एका मुलाची वही मात्र कोरी होती. मी कारण विचारले, तर तो खाली मान घालून म्हणाला, “गुर्जी, आमच्या घरचं लिवलं तर चालंल का?” दहा वर्षांच्या पोराला हा प्रश्न पडतो, याचा अर्थ त्याच्याआधी कित्येक पिढ्यांनी तो मुकाट्याने गिळला आहे. मी त्याला म्हटले, “चालेल. तुझी माय जसं करते तसंच लिही.” दुसऱ्या दिवशी त्याने दीड पान लिहून आणले. चुलीत विस्तव कसा मागे ओढतात, निखाऱ्यावर वाळवलेल्या मांसाची कांडी कशी टाकतात, ती कशी चरचरते, मग माय ती राखेतून काढून कशी झटकते आणि भाकरीवर देते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. पण साऱ्या वर्गात तो एकच निबंध पाहून लिहिलेला होता.

त्या वाळवलेल्या मांसाला आमच्याकडे चान्या म्हणतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून ठेवायच्या आणि अडीनडीला भाजून किंवा कालवण करून खायच्या. मराठवाड्यातल्या दलित घरांची ही बेगमी. गावाने ज्या जातींवर मेलेले ढोर ओढण्याचे काम लादले, त्यांच्याच वाट्याला ते मांस आले. आणि ते खाल्ले म्हणून त्याच गावाने त्यांना दूर ठेवले. म्हणूनच १९२७ सालच्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडून देण्याचे आवाहन केले, आणि १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी या मांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध इतिहासातून उलगडून दाखवला. अनेक घरांनी ते खाणे निग्रहाने सोडले. तो निग्रह स्वाभिमानाचा होता, आणि त्यापुढे मान लवते. पण सोडलेल्या गोष्टीचाही इतिहास असतो. तो दडवला, तर हालांत चव शोधणाऱ्या त्या बायांचे कसबही दडते. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले आणि मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाला प्रथमच ऐसपैस पाने मिळाली. पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे : ज्या अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो, त्याच्या पंक्तीतून अर्धा गाव उठवलेला होता.

योगायोग असा, की त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आली. गाईपुरती ती १९७६ च्या कायद्याने आधीच होती. म्हशींना ती बंदी नाही, मात्र दाखला लागतो. त्यामुळे आज आपल्याकडे स्टेक म्हणजे म्हशीचे मांस, आणि बहुतेक घरांत सरळ बोकडाचे मटण. या बाबतीत मराठवाडा नशीबवान आहे. उस्मानाबादी शेळी, बहुधा काळीभोर, एका वेताला अनेकदा दोन करडे देणारी, मांसासाठी नामांकित आहे.

गृहिणींनी आणि हौशी गृहस्थांनी करून पाहावे म्हणून चार शब्द. मांडीचे किंवा पाठीचे बिनहाडी मटण घ्यावे आणि धाग्याच्या आडवे, बोटभर जाडीचे काप करावेत. कापडाने कोरडे टिपावे, कारण ओले मांस भाजत नाही, शिजते. मीठ, मिरपूड, आले-लसूण आणि चमचाभर कच्च्या पपईचा कीस चोळून तासभर ठेवावे. पपई मांस मऊ करते. जास्त झाली तर पिठूळ करते, म्हणून हात आखडता ठेवावा. बटाटे सालीसकट अर्धवट उकडून, सोलून, झाकणाच्या भांड्यात हलकेच खडखडवावेत, म्हणजे कडा खरबरीत होतात आणि तुपात भाजताना तिथेच कुरकुरीतपणा धरतो. चूल असेल तर न सोललेले बटाटे गरम राखेत पुरावेत. त्याची गोडी वेगळीच. तवा धूर येईपर्यंत तापवावा, काप टाकावेत आणि सारखे हलवू नयेत. खाली तपकिरी कवच धरल्याशिवाय उलटू नयेत. आतपर्यंत नीट भाजले, की उतरवून पाच मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे रस मांसातच मुरतो.

त्या तपकिरी कवचाचे रहस्य लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडले. अन्नातली साखर आणि प्रथिनांतली द्रव्ये मोठ्या आचेवर एकत्र आली की शेकडो नवे वास आणि स्वाद उपजतात. आपल्या भाकरीचा करपट ठिपका, आगटीतला हुरडा, चंपाषष्ठीच्या नैवेद्याचा गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला रोडगा, यांतही तीच किमया चाललेली असते. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवणारा भक्त, भडित्रकावर ताव मारणारा सोमेश्वर, स्टेकपुढे बसलेला लंडनचा सरदार आणि चान्या भाजणारी आमच्या गावची माउली, या साऱ्यांना एकाच विस्तवाने खाऊ घातले. विस्तवाने कधी जात विचारली नाही. विचारली ती पंक्तीने.

राजाने आपले जेवण लिहून ठेवले म्हणून नऊशे वर्षांनी ते आपण वाचतो. तुमच्या आजीचे कोणी लिहिले आहे का? या दिवाळीत सारी भावंडे जमतील. घरात जी वडील बाई असेल तिच्याजवळ बसा आणि तिच्या आईच्या चुलीवर काय शिजे, दुष्काळात काय शिजे, काय लपवून शिजे, ते विचारून एका वहीत उतरवून काढा. लाजेने एक ओळही गाळू नका. पाचवीतल्या त्या पोराने दीड पान लिहिले. आपण निदान एक तरी लिहू.